दोन बोटांची जागा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कुत्र्याच्या गळ्यातला, चामड्याचा, पितळी बकलाचा. सध्या माझा मुक्काम लातुरातल्या एका क्लासच्या खोलीत, फळ्याशेजारच्या खिळ्यावर आहे. माझे दोन तुकडे झाले आहेत. पंखा जोरात लागला की ते एकमेकांवर आपटतात, टकटक होते आणि पहिल्या बाकावरची मुलं गणित सोडून माझ्याकडे बघतात. सर त्यांना रागावत नाहीत. का रागावत नाहीत, तेच सांगायला मी आज तोंड उघडलं आहे.

जुन्या छत्र्या, मोडक्या सायकली, फाटकी दप्तरं आपली कहाणी किती शांतपणे सांगतात! मला ते जमणार नाही. माझ्या जिवाला एक टोचणी लागून राहिली आहे, आणि ती टोचणी मी दुसऱ्याला दिलेल्या टोचणीची आहे.

माझा जन्म उदगीरचा. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर फारूकचाचांचं बैलांच्या साजाचं दुकान होतं. पोळा जवळ आला की तिथे पाय ठेवायला जागा नसे. एका घुंगरपट्ट्यातून उरलेल्या तुकड्यापासून चाचांनी मला बनवलं. आरीने पाच भोकं पाडली, बक्कल शिवलं, आणि तिसऱ्या भोकाजवळ तापल्या सळईने दोन आडव्या रेघा मारायला आपल्या मुलाला, कलीमला, सांगितलं. कलीम तेव्हा शाळेत होता. गृहपाठाची वही बाजूला ठेवून, जीभ दातांत धरून त्याने त्या रेघा ओढल्या. त्या दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक पट्ट्यावर त्या दोन रेघा असत.

मला विकत घ्यायला आले पिराजी. औसा तालुक्यातले, तेरणा नदीच्या बाजूच्या एका गावचे. त्यांनी विचारलं, "चाचा, ह्या रेघा कशाच्या?"

चाचा म्हणाले, "गला और पट्टा, इन दोनों में दो उंगली जगह पाहिजे पिराजी. एक बोट मालकाचं, एक अल्लाहचं. दोन बोटं आत गेली न्हाईत तर समजायचं, आपलं काही तरी चुकून राहिलं."

पिराजींनी लगेच आपली दोन बोटं माझ्यात घालून पाहिली. शेतकऱ्याची जाड, भेगाळलेली बोटं. मला ती फार आवडली.

घरी त्यांची पश्मी कुत्री होती, बिजली. आमच्या भागात पश्मी आणि कारवानी या कुत्र्यांचं मोठं कौतुक. दोन्ही उंच, सडपातळ, लांब तोंडाची. कारवानीचे केस आखूड, पश्मीचे रेशमासारखे लांब. संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून माणसं तावातावाने भांडत. एक म्हणे, कारवानीसारखं पळणारं जनावर नाही. दुसरा म्हणे, पश्मीसारखं समजूतदार नाही. ज्याच्या दारात जे, तेच त्याला जगात भारी. पिराजी या वादात पडत नसत. ते बिजलीला मांडीशी घेऊन तिच्या मानेवरचे केस बाजूला करून बघत आणि म्हणत, "तुमचं चालू द्या."

त्यांची एक रीत होती. दिवस मावळला की ते मला बिजलीच्या गळ्यातून काढून घरातल्या खुंटीला अडकवत. "जीव मोकळा झोपावा," एवढंच त्यांचं कारण. त्यांची मुलगी अयोध्या आठ-नऊ वर्षांची होती. मला करडईचं तेल चोळायचं काम तिच्याकडे असे आणि ते ती अगदी मन लावून करी.

मग त्र्याण्णव सालची अनंत चतुर्दशी उजाडली आणि सरली. उडदाची रास खळ्यावर होती म्हणून पिराजी, सरस्वतीबाई आणि अयोध्या शेतात झोपले होते. बिजलीही त्यांच्याजवळ होती. मी घरात, खुंटीवर. पहाटेच्या आधी जमीन हलली, मित्रांनो, आणि माळवदाचं ते दगडमातीचं घर एका दमात खाली बसलं. गावातली कितीतरी माणसं गेली. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही. पट्ट्याने बोलावं इतकी ती लहान गोष्ट नाही.

पण माझी एक लाज सांगतो. दुसऱ्या दिवशी बिजली आमच्या ढिगाऱ्यावर आली आणि एका जागी जिवाच्या आकांताने उकरू लागली. लोकांना वाटलं, खाली कोणीतरी जिवंत आहे. चार माणसं धावली. दोन तास दगड उचलले, बोटं सोलून निघाली. आणि खालून निघालो मी. तिचाच वास लागलेलं एक वीतभर चामडं. सगळे नुसते माझ्याकडे बघत राहिले. एक म्हातारा हसायला लागला आणि हसता हसता खालीच बसला. बिजलीला कोणी शिवी दिली नाही. पिराजींनी मला धोतराच्या टोकाला पुसलं आणि अयोध्येच्या हातात दिलं. एवढ्या घरातून त्यांची शाबूत निघालेली एकच वस्तू मी होतो.

पुढची वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये गेली. जमीन जराशी थरथरली तरी माणसं बाहेर पळत, आणि आधी बिजलीकडे बघत. ती झोपलेली असली तर परत आत जात. ती म्हातारी होऊन गेली, तेव्हा अयोध्येने मला ट्रंकेत ठेवलं. बिजलीचा वंश गावात चालू राहिला आणि मी तेल पीत पडून राहिलो.

अयोध्येचं लग्न झालं ते लातूरच्या हनुमंत सरांशी. तोपर्यंत लातूर पार बदललं होतं. गल्लीगल्लीत क्लास, क्लासवर होस्टेल, होस्टेलखाली मेस. मुखेड, उमरी, देगलूर, कुठून कुठून पोरं येत. पाठीवर दप्तर, डोळ्यांखाली काळं. हनुमंत सर फिजिक्स शिकवत; त्यांचं घर, क्लास, मेस आणि वरचं होस्टेल एकाच इमारतीत होतं. माणूस मनाने वाईट नव्हता, पण त्यांचं घड्याळ नेहमी त्यांच्यापुढे दहा मिनिटं पळत असे. त्यांच्यासोबत बायोलॉजीला सिद्धलिंग सर होते आणि केमिस्ट्रीला कलीम सर. होय, तेच कलीम, उदगीरच्या फारूकचाचांचे. चाचा आता नव्हते, दुकान बंद झालं होतं. मी त्यांना ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही, कारण माझ्याकडे बघायला कोणाला वेळच नव्हता.

लग्नानंतरच्या एका दिवाळीला पिराजींनी लेकीला बिजलीच्या वंशातलं एक पिल्लू दिलं. अडीच-तीन महिन्यांचं, खारकेच्या रंगाचं. अयोध्येने नाव ठेवलं खारीक. मी बिजलीच्या मापाचा. पिल्लाच्या गळ्यातून मी सरळ पायात उतरे! मग अयोध्येने खिळा तापवून मला आणखी आत एक सहावं भोक पाडलं. चटका बसला, पण मला आनंद झाला. पुन्हा गळा मिळाला होता.

महिन्याभरात अयोध्या बाळंतपणासाठी माहेरी निघाली. पिशवी उचलता उचलता तिने सरांना बजावलं, "बगा, पश्मीचं पिल्लू लई झपाट्यानं वाढतं. दर ऐतवारी बोटं घालून बगायचं. दोन बोटं गेली न्हाईत की एक भोक मागं. इसरू नका."

"हाव," सर म्हणाले. त्यांच्या हातात चाळीस पेपर होते.

मित्रांनो, माणसाच्या तोंडून निघालेला हा होकार, हा 'हाव', फार हलका शब्द आहे. त्याला धरून लटकू नये.

पहिला रविवार गेला, टेस्ट होती. दुसरा गेला, पालकसभा होती. तिसऱ्या रविवारी खारीकच्या मानेवरचे केस माझ्यावर आले आणि मी दिसेनासा झालो. तो वाढत होता. खांदे रुंद झाले, पाय लांब झाले, गळा भरला. मी मात्र होतो तेवढाच होतो. सुरुवातीला तो मागच्या पायाने मला खाजवी. मग मान वाकडी करून झोपू लागला. मग मला त्याच्या श्वासाचा अडखळा जाणवू लागला. तो घोट घेई तेव्हा माझ्याखाली काहीतरी अडे आणि मोठ्या कष्टाने पुढे सरके. मी आतल्या आत ताणून बघितलं, मुरगळून बघितलं. चामड्याला स्वतःहून सैल होता येत नाही. बकलाचा काटा त्या सहाव्या भोकात रुतून बसला होता, आणि तो काढायला बोटं लागतात.

माघ सरला, फाल्गुन आला. फोनवर अयोध्या विचारी, "खारीक कसा हाय?"

"मस्त खाऊन राहिला," सर सांगत.

"पट्टा ढिला केला का ओ?"

"हाव, केला." खोटं बोलायचं म्हणून ते बोलत नसत. त्यांना खरंच वाटे की आज संध्याकाळी करायचाच आहे, म्हणजे झाल्यासारखंच आहे. गावभर मुलांना ते सांगत, आजचं काम आजच. असो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या कमलम्मा खारीकला भाकरी घालत. त्यांनी एकदा सांगितलं, "सर, कुत्रं गिळताना मान वाकडी करतंय."

"लाडावलंय ते," सर म्हणाले.

मग एका दुपारी होस्टेलच्या फाटकातून एक सायकल चोरीला गेली. खारीक तिथेच बांधलेला होता. त्याने चोर पाहिला. तो उठला, छाती भरून घेतली आणि भुंकायला गेला. माझ्याखाली नुसती घरघर झाली. चोराने त्याच्याकडे बघून चुचकारलं आणि तो निघून गेला. खारीक कितीतरी वेळ तसाच उभा होता. त्याला काय वाटलं असेल ते मला ठाऊक आहे, कारण त्याच्या गळ्यातला आवंढा माझ्यापाशीच अडला होता.

संध्याकाळी क्लासमध्ये चहा आला आणि वाद पेटला. कुठल्या जातीचं कुत्रं पाळायला सगळ्यांत चांगलं?

"हे पश्मी कामाचं न्हाई," हनुमंत सर म्हणाले. "ह्याची जातच मुकी. लॅब्रॅडॉर आणू. पालक आले तर शेपूट हलवतो. पालकावर भुंकलं की अॅडमिशन गेलं म्हणून समजा."

सिद्धलिंग सर उसळले. "लॅब्रॅडॉर चोराला पण शेपूटच हलवंल! जर्मन शेफर्ड बगा. नुसता उभा राहिला तरी माणूस घरचा रस्ता धरतो."

"आणि लातूरच्या उन्हाळ्यात त्याला कूलर कोण लावणार? आपल्याच पोरांच्या खोलीत पंखा गरगरत न्हाई," कलीम सर म्हणाले. "गावठी घ्या सर. गावठीसारखं कुत्रं न्हाई. ना खर्च, ना नखरा, दहा घरची भाकर खाऊन आपलंच दार राखतं."

कपबश्या उचलायला आलेल्या कमलम्माही थांबल्या. "अय्यो, ते बारकं पांढरं कुत्रं घ्या की! पॉमेरियन. पान हललं तरी भुंकतंय."

आता ही क्लासवाली माणसं. त्यांना कुठलाही प्रश्न फळ्यावर मांडल्याशिवाय सुटत नाही. हनुमंत सरांनी खडू घेतला, रकाने आखले. इमान, भुंकणं, खर्च, ऊन सोसणं, पालकांशी वागणूक. प्रत्येकाला वीस गुण, आणि चुकीला वजा गुण. अर्धा तास भांडून निकाल लागला. लॅब्रॅडॉर एक्क्याऐंशी. जर्मन शेफर्ड अठ्ठ्याहत्तर. गावठी चौऱ्याहत्तर, त्यातले सहा कलीम सरांनी हुज्जत घालून वाढवून घेतलेले. पॉमेरेनियन एकोणसत्तर. आणि तळाशी, पश्मी: वजा चार. पोरांना गंमत वाटे म्हणून फळ्याच्या एका बाजूचा हा तक्ता पुढे कोणी पुसलाच नाही.

हे सगळं चाललं होतं तेव्हा खारीक दाराशी, त्यांच्यापासून चार पावलांवर बसला होता. मी ओरडत होतो. अहो, मार्क नंतर द्या, आधी हात घाला! सिद्धलिंग सर बाहेर जाताना त्याच्या डोक्यावर थोपटून गेले. डोक्यावर! त्यांचा हात आणखी चार बोटं खाली आला असता तर ही गोष्ट तिथेच संपली असती. सजीवांचं शरीर शिकवणारा माणूस, पण त्याला एका सजीवाचा गळा दिसला नाही. आणि कलीम सर, ज्यांनी लहानपणी माझ्यावर दोन रेघा ओढल्या, ते माझ्यावरून पाय टाकून गेले.

ठरलं असं, की येत्या रविवारी औसा रोडच्या वीटभट्टीवरचा माणूस येईल आणि खारीकला घेऊन जाईल. लॅब्रॅडॉरचं पिल्लू हैदराबादहून येईल. त्या चार दिवसांत खारीकने पाणी सोडून दुसरं काही धड घेतलं नाही. मला एकच भीती होती. भट्टीवर केसांत धूळ बसेल, मी आणखी लपेन, आणि मग मला कोणीच शोधणार नाही.

रविवार आला. सकाळी दहाला भट्टीवाल्याची गाडी यायची होती. साडेनऊला एक जीप थांबली. सरांना चाचणीमुळे आणायला जाता आलं नव्हतं, म्हणून पिराजीच लेकीला आणि तान्ह्या नातवाला घेऊन आले होते. कमलम्मा लगबगीने भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन दारात गेल्या. त्यांनी मायलेकांवरून तुकडा ओवाळला आणि बाजूला टाकला.

तुकडा खारीकच्या पुढ्यात पडला. त्याने अयोध्येला ओळखलं होतं, शेपूट जमिनीवर आपटत होती. त्याने तुकडा उचलला, गिळायला गेला आणि मान वाकडी करून परत टाकला.

"पाहिलं?" हनुमंत सर म्हणाले. "चोरावर भुंकला न्हाई, आता बाळाच्या तुकड्याला पण तोंड लावत न्हाई. म्हणूनच देऊन टाकून राहिलो त्याला."

अयोध्या उंबऱ्याच्या आत गेलीच नाही. तिने बाळ कमलम्मांच्या हातात दिलं, खाली बसली आणि खारीकचे केस बाजूला केले. तिची दोन बोटं मला शोधत आली. एक बोटही आत जाईना. नखही जाईना. मी त्याच्या कातडीच्या आत, मांसात बसलो होतो.

मग तिने वर बघितलं. "ढिला केला म्हनलात न्हवं?"

सरांच्या तोंडातून 'हाव' निघालं नाही.

"ह्यो भुकत कामून न्हाई, असं तुमी इचारून राहिला व्हय?" तिचा आवाज चिरकला. "ह्याच्या नरड्याला फास लावलाय तुमी! माझ्या हातानं पाडलेल्या भोकाचा फास!"

सिद्धलिंग सर पळतच सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना घरून घेऊन आले. भट्टीची गाडी आली ती तशीच परत गेली. खारीकला क्लासच्या खोलीत, फळ्याखाली सतरंजीवर निजवलं. बक्कल उघडेना. डॉक्टर म्हणाले, "पट्टा कापावा लागंल."

कापा, मी म्हणालो. आयुष्यात इतक्या मनापासून मी काही मागितलं नव्हतं. कात्रीचं थंड पातं माझ्याखाली सरकलं, कर्रकन आवाज झाला आणि माझे दोन तुकडे झाले. मित्रांनो, मला फार बरं वाटलं. खारीकने एक लांब, पूर्ण श्वास घेतला. कितीतरी दिवसांनी पूर्ण.

कलीम सरांनी तुकडे उचलले, पाण्याखाली धरले. रक्त आणि केस वाहून गेले आणि तिसऱ्या भोकाजवळच्या दोन रेघा उघड्या पडल्या. ते तिथेच बसले. "हा अब्बूंच्या दुकानचा," ते म्हणाले. "ह्या रेघा माझ्या हाताच्या आहेत."

आणि पिराजी? त्यांना वाचायला हळूहळू येई. ते फळ्यासमोर उभे राहून एकेक अक्षर लावत होते. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी जावयाला विचारलं, "पश्मी, वजा चार. म्हंजी काय ओ, जावईबापू?"

सरांनी डस्टर शोधला नाही. शर्टाच्या बाहीनेच त्यांनी फळा पुसला, वरपासून खालपर्यंत. "हे मार्क माझे होते, मामा," ते म्हणाले. "चुकून त्याच्या नावावर लिहिले."

खारीकची जखम भरायला महिना गेला. नवव्या दिवशी दूधवाला फाटकात आला आणि अंगणातून एक खरखरीत, फाटका, पण चांगला मोठा भुंकण्याचा आवाज आला. वरच्या मजल्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून तो दूधवाल्यावर भुंकतो, टपालवाल्यावर भुंकतो आणि पालकांवर तर फारच भुंकतो. एकही अॅडमिशन गेलेलं नाही.

कलीम सरांनी मधे नवा तुकडा शिवून मला जोडायची तयारी दाखवली होती. अब्बूंची आरी ते उदगीरहून घेऊनही आले. अयोध्या म्हणाली, "नगं सर. आता ह्याच्या गळ्यात काहीच नगं." मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण ती बरोबर होती. मग हनुमंत सरांनी मला या खिळ्याला अडकवलं. आता रविवारची चाचणी संपली की ते लगेच पेपर तपासायला बसत नाहीत. वरच्या मजल्यावर जातात, प्रत्येक खोलीत दोन मिनिटं टेकतात. पोरांना विचारतात, जेवलास का, झोप लागते का. आणि पोराने 'हाव' म्हटलं तरी लगेच उठत नाहीत.

खारीक कधीकधी वर्गात येतो. खिळ्याखाली थांबतो, मान उंच करून मला हुंगतो आणि निघून जातो. त्याने मला माफ केलं की नाही, मला कळत नाही. म्हणूनच मला स्वस्थ लटकता येत नाही.

तुम्ही घरी वाद घालत असाल, कुठलं कुत्रं आणायचं. घाला, गंमत असते त्यात. पण जे दारात आहे त्याच्याजवळ आज आधी जाऊन बसा. केस बाजूला करा आणि दोन बोटं घालून बघा. एक बोट तुमचं, एक देवाचं. माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात, आमची काळजी घ्या. मी तसं म्हणणार नाही. बोटं आत गेली नाहीत, तर पट्टा कितीही जुना असो, कितीही मायेचा असो, मागेपुढे बघू नका. कात्री आणा आणि मला कापा.